इंपल्समध्ये करिझ्मा

शुक्रवारी संध्याकाळी सगळे बॅगा आवरत होते तेव्हा टीममधला एक नवा मुलगा माझ्या डेस्कपाशी आला. म्हणाला, "सर, हे जुनं मॉड्यूल दुरुस्त करण्यात दोन आठवडे जातील. त्यापेक्षा दुसरं तयार आणून बसवू या का? स्वस्तात पडेल." मी विचारलं, "जुनं उघडून बघितलंस?" तो म्हणाला, "नाही, पण सगळे म्हणतात फार खराब आहे." मला एकदम गावाकडची मोटरसायकल आठवली. त्याला म्हटलं सोमवारी बोलू. आज शनिवार, चहा घेऊन लिहायला बसलोय. सोमवारी त्याला हेच वाचायला देणार आहे.

तर गाव दुसरबीड. तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा. पुण्यात कोणी गाव विचारलं की मला दोन टप्प्यांत सांगावं लागतं. आधी 'जिजाऊंचं जन्मस्थान सिंदखेडराजा माहितीये ना?' आणि मग 'तिथून मेहकरच्या रस्त्याला'. समोरच्याने लोणारचं सरोवर बघितलेलं असलं तर काम अजून सोपं होतं. आता समृद्धी महामार्ग झाल्यापासून (नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला) आमच्या भागाचं नाव गाडीवाल्यांना कळायला लागलंय. अर्थात समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे या गोष्टीतल्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

गाडी म्हणजे हिरो इंपल्स. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: हिरो आणि होंडा वेगळे झाल्यावर २०११ साली ही गाडी आली. दीडशे सीसी, साधारण १३ हॉर्सपॉवर, उंच सीट, लांब शॉकअप, पुढचं मडगार्ड चाकापासून वर उचललेलं. परदेशात ज्याला डर्टबाईक म्हणतात तशी खरीखुरी नव्हे, पण आपल्या रस्त्यावर, आपल्या पगारात, त्याच्या सगळ्यात जवळची. फार खपली नाही आणि काही वर्षांत बंद झाली. मी २०१२ च्या दिवाळीला घेतली. पहिल्या नोकरीतला साठवलेला पैसा, लाल रंग, एमएच १४ पासिंग. घेतल्यावर आठवड्याभरात पुण्याहून गावी चालवत नेली. नगर, औरंगाबाद (तेव्हा औरंगाबादच होतं), जालना, सिंदखेडराजा, साधारण साडेतीनशे किलोमीटर. पोचलो तेव्हा पाठ गेलेली होती, पण गल्लीतली पोरं गाडीभोवती जमली आणि पाठ विसरलो.

पुढे लग्न झालं, कार आली, आणि इंपल्स सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडली. २०१७ मध्ये मी ती गावी नेऊन चुलतभावाच्या हवाली केली. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, घरात सगळे त्याला लहान्याच म्हणतात. त्याचं लग्न झालं, दोन पोरं झाली, तरी लहान्याच. शेती काकांची आणि त्याची, त्याशिवाय तीन म्हशी. पहाटे पाचला उठून आसपासच्या वस्त्यांवरचंही दूध गोळा करायचं, मागे दोन कॅन बांधायचे आणि साडेसातच्या आत संकलन केंद्रावर पोचवायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. दिवसाला चाळीस किलोमीटर आरामात. पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती बघितली असेल तर कळेल, साध्या गाडीचं चाक मडगार्डात गच्च बसतं आणि गाडी ढकलतही नाही. इंपल्सचं मडगार्ड वर, त्यामुळे ती निघायची. माझ्या हौसेची गाडी त्याच्या कामाला माझ्यापेक्षा जास्त आली. कागदं मात्र माझ्याच नावावर राहिली. दरवर्षी इन्शुरन्स मी पुण्यातून ऑनलाइन भरायचो आणि मोठ्या भावाचं कर्तव्य केल्याचं समाधान मिळवायचो.

जून २०२३ मध्ये लहान्याचा फोन आला. नदीच्या बाजूच्या गोट्यांच्या रस्त्याने येताना खालून कशाचा तरी मार बसला होता. त्याला वाटलं दगड उडाला असेल. प्रत्यक्षात ऑइलच्या ड्रेन बोल्टपाशी मार बसून गळती लागली होती. दोन दिवस थेंब थेंब ऑइल गेलं, तिसऱ्या दिवशी कॅन भरलेले असताना गाडी रस्त्यात घरघरली आणि बंद पडली. किक खाली जाईना. इंजिन जाम.

मी इकडे पुण्यात ओळखीच्या एका मेकॅनिकला फोनवरच विचारलं. त्याने गाडी न बघता सांगितलं की ऑइल संपून जाम झालेलं इंजिन म्हणजे ब्लॉक, पिस्टन, क्रँक, हेड, कॅम, सगळंच गेलं समजा, वर ती गाडी बंद झालेली, पार्ट शोधत फिरावं लागेल. एकवीस हजार धरून चाला. मी तो आकडा लगेच एक्सेलमध्ये टाकला. (हो, मी असल्या गोष्टींचीही शीट करतो.)

गावातल्या मिस्त्रीचं म्हणणं वेगळं होतं. लहान्याने फोनवर सांगितलं, "दादा, मिस्त्री म्हणतात पहिले खोलून पाहू. हंकचं पिस्टन बसते म्हणे याले."

आता हे अगदी सरळ होतं. हंक, एक्स्ट्रीम, इंपल्स ही सगळी दीडशे सीसीची जुन्या होंडाच्या घराण्यातली भावंडं, आणि हंकचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात. पण माझ्या डोक्यात तोवर दुसरंच शिजायला लागलं होतं. इंपल्समध्ये करिझ्माचं इंजिन! गाडीवेड्या मंडळींना हे समीकरण नवीन नाही. इंपल्सबद्दल पहिल्या दिवसापासून सगळ्यांची एकच तक्रार होती की चासी झकास आहे, इंजिन कमी पडतं. आणि २००३ साली आलेली करिझ्मा म्हणजे २२३ सीसी, सतरा हॉर्सपॉवर. त्यात मौज अशी की करिझ्माचं इंजिन हे होंडाच्या सीआरएफ २३० या खऱ्याखुऱ्या डर्टबाईकच्या इंजिनाचं सख्खं भावंड. म्हणजे मातीतलं इंजिन आपल्याकडे येऊन हायवेच्या गाडीत बसलं आणि मातीतल्या गाडीला मिळालं दीडशे सीसी. ही चूक आपण दुरुस्त करायची, असं मला मनापासून वाटलं. शिवाय जुनं करिझ्मा इंजिन तेरा हजारांत मिळत होतं. एकवीस हजारांचं काम तेराला, वर चार हॉर्सपॉवर फुकट. शीटमध्ये तर फारच सुंदर दिसत होतं.

इंजिन बदलायची हौस काही माझ्यापासून सुरू झालेली नाही. इंग्लंडमध्ये पन्नास-साठच्या दशकात पोरं नॉर्टनच्या चासीत ट्रायम्फचं इंजिन बसवून 'ट्रायटन' बनवायची. त्याचं एक कारण गमतीचं आहे. तिकडे पाचशे सीसीच्या छोट्या रेसिंग कार बनवणाऱ्यांना नॉर्टनचं इंजिन हवं असायचं, कंपनी नुसतं इंजिन विकायची नाही, म्हणून ते अख्खी मोटरसायकल घ्यायचे आणि इंजिन काढून घ्यायचे. उत्तम चासी इंजिनाशिवाय पडून राहायची. मग कोणीतरी त्यात ट्रायम्फ बसवणारच. आपल्याकडे बुलेटमध्ये डिझेल इंजिन बसवायचे लोक, कारण डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. ते इतकं चाललं की नव्वदच्या दशकात एनफिल्डने स्वतःच ३२५ सीसीची डिझेल बुलेट काढली. साडेसहा हॉर्सपॉवर, धावायची बैलगाडीसारखी, पण मायलेज असं की शेतकऱ्याने नाव काढावं. सौराष्ट्रातल्या छकड्याला तर पुढून बुलेट आणि मागून टेम्पो असंच रूप होतं. आणि आरएक्स १०० मध्ये आरएक्स १३५ चं पाच गिअरचं इंजिन बसवलेले वीर तुमच्या कॉलेजमध्येही एखाद-दुसरे असतील.

हे सगळं मी तेव्हा लहान्याला फोनवर ऐकवलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "दादा, तुले समजते त्यातलं. मले फक्त गाडी लवकर पायजे." यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं, दुसरं ऐकलंच नाही.

इंजिन मी एका शहरातल्या जुन्या बाजारातून घेतलं, शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. विक्रेत्याने हातगाडीवर बॅटरी लावून चालू करून दाखवलं, आवाज खणखणीत होता. पावतीवर लिहिलं 'जुने इंजिन, १ नग'. एवढंच. इंजिन नंबर नाही, कुठल्या गाडीचं ते नाही. मला तेव्हा तेही गमतीचं वाटलं. कारच्या डिकीत गोणपाटावर ठेवून एका वीकेंडला गावी नेलं.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे रस्त्याकडेचं पत्र्याचं शेड, आत एक कंप्रेसर, भिंतीला टांगलेले पाने, बाहेर चहाची टपरी. मिस्त्रींनी इंजिनाभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "बसवू भाऊ, पण हे घरजावई हाये. घरातलं सगळं याच्यासाठी बदलावं लागते." मी हसलो. ते हसत नव्हते.

आता जरा तांत्रिक, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा. इंजिन चासीत तीन-चार जागी बोल्टने धरलेलं असतं. करिझ्माचं इंजिन आत तर गेलं, पण पुढची भोकं जुळेनात. मग पाच मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून पट्ट्या कापून, लेथवर बुश बनवून, वेल्डिंग करून नवीन माउंटिंग केलं. ते बसलं तर हेडची वरची बाजू टाकीखालच्या पाइपच्या इतकी जवळ आली की स्पार्क प्लग काढायला पाना फिरेना. पुन्हा खाली घेतलं. इंजिन बदललं की चेनची लाइन बदलते. इंजिनकडचं छोटं स्प्रॉकेट आणि मागच्या चाकाचं मोठं स्प्रॉकेट एका रेषेत नसलं तर चेन तिरकी पळते, आवाज करते आणि काही महिन्यांत दोन्हीचे दात खाते. आमची चार मिलिमीटर तिरकी होती. मागचं स्प्रॉकेट शिम टाकून बाहेर घेतलं. सायलेन्सरचा बेंड कापून नव्याने वळवला.

मग वायरिंग. ठिणगी कधी पडायची ते सीडीआय ठरवतो, आणि ते गणित त्या त्या इंजिनाचं असतं. इंपल्सचा सीडीआय करिझ्माला चालत नाही, म्हणजे करिझ्माचा सीडीआय, कॉइल, कनेक्टर, आणि दोन्हीकडच्या वायरींचे रंग वेगळे. कार्ब्युरेटर मोठा, त्याला हवा द्यायला एअर फिल्टरचा डबा छोटा. क्लच केबलची लांबी वेगळी, आणि क्लच जड. प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे बघितली तर किरकोळ, चारशे-सहाशे रुपयांची. पण एक केलं की त्याच्यामुळे दुसरं निघायचं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. नवा घटक स्वस्तात मिळतो, तो जुन्याला जोडायचा खर्च कोणी कोटेशनमध्ये लिहीत नाही. मी तर दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांना हेच शिकवतो! तरी शीटमध्ये 'जोडणी व इतर' या ओळीसमोर मी दोन हजार लिहिले होते.

शेवटचा हिशेब असा झाला. इंजिन १३,०००. बाकीचं सामान मागवायचा वाहतूक खर्च ६००. माउंटिंग, लेथ आणि वेल्डिंग ३,२००. सायलेन्सरचा बेंड १,४००. सीडीआय, कॉइल, वायरिंग ३,६००. चेन-स्प्रॉकेट २,३००. क्लच प्लेटा, केबल, गॅस्केट, ऑइल २,४००. मिस्त्रींची मजुरी ५,०००, तीही त्यांनी लाजेखातर कमी सांगितली. एकूण ३१,५००. आणि वेळ सात आठवडे, कारण मी दोन आठवड्यांतून एकदा गावी जायचो आणि मी आल्याशिवाय पुढचं ठरवायचं नाही, असा माझाच हुकूम होता.

ऑगस्टच्या शेवटी गाडी चालू झाली. खोटं कशाला बोलू, तो दिवस मी विसरणार नाही. गावाबाहेर राहेरीच्या पुलाच्या दिशेने मोकळा रस्ता मिळाला, दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली आणि पुढचं चाक हलकं झालेलं हातांना कळलं. मग शेतातल्या गाडरस्त्यावर घातली. जिथे आधी पहिला गिअर टाकावा लागायचा तिथे तिसऱ्यावर गुरगुरत चढली. सोयाबीन कमरेएवढं, वर ढग, खाली ते इंजिन. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस एकटाच हेल्मेटमध्ये ओरडत होता. घरी येऊन लहान्याला किल्ली दिली आणि म्हटलं, "बघ आता!" त्याने एक चक्कर मारली, येऊन स्टँडला लावली आणि म्हणाला, "लय पळते दादा." मी ते कौतुक समजलो आणि रविवारी रात्री खुशीत पुण्याला निघालो.

पुढच्या दोन महिन्यांत त्याने एकदाही तक्रार केली नाही. जे कळलं ते तुकड्या-तुकड्यांनी, वहिनीकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून. गाडी आधी पंचेचाळीसचं मायलेज द्यायची, आता तीस. चाळीस किलोमीटरला जवळपास अर्धा लिटर जास्त, आणि पेट्रोल १०७ च्या घरात. महिन्याला चौदाशे-पंधराशे रुपये जास्त जात होते. दुधात किती सुटतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा आकडा छोटा वाटणार नाही. क्लच जड, वस्ती-वस्तीवर थांबत जायचं म्हणजे सकाळच्या फेरीत साठ-सत्तर वेळा दाबायचा, त्याची डावी बोटं आखडायची. हँडलला असा हादरा यायचा की कॅनची झाकणं वाजत राहायची. आणि मागचे सात आठवडे? ते त्याने शेजाऱ्याची स्प्लेंडर पेट्रोल भरून आणि वर रोज एक लिटर दूध देऊन चालवली होती. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये फोन आला तो मात्र लहान्याचाच होता. संध्याकाळी बिबीच्या बाजूने परत येताना, कडेला रेती सांडलेली, समोरून एक म्हातारे बाबा सायकलवर. याने गिअर टाकून थोडी रेस दिली, थोडीच, पण या इंजिनाला थोडी म्हणजे बरीच. मागचं चाक सरकलं, गाडी आडवी झाली आणि घसरत सायकलला लागली. बाबा पडले. मनगट मोडलं. लहान्याला खरचटलं, दूध रस्त्यावर. त्याने बाबांना रिक्षात घालून मेहकरला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं, घरी सोडून आला. त्यांच्या मुलांनी समजूतदारपणा दाखवला, पोलिसात गेलं नाही. खर्च लहान्याने दिला, मला तिसऱ्या दिवशी कळवलं. आवाज अगदी शांत होता. "बाबा बरे हायेत. तुले सांगून ठेवलं. गाडी तुह्या नावावर हाये म्हणून."

त्या रात्री मी पहिल्यांदा आरसी काढून नीट वाचली. त्यावर चासी नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो, सीसी असते. आमच्या गाडीत आता जे इंजिन होतं त्याचा नंबर तिथे नव्हता. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मी वाचलं, जे मला जूनमध्येच वाचता आलं असतं. मालकाने गाडीत असा बदल करायचा नाही की ज्याने आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं होतं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओची मंजुरी घेऊन बदलणं ही एक गोष्ट, आणि दीडशेच्या जागी गुपचूप दोनशे तेवीस बसवणं ही वेगळी. मनगटाऐवजी बाबांचं डोकं आपटलं असतं तर? पंचनामा झाला असता, आरटीओचा माणूस इंजिन नंबर बघायला वाकला असता, इन्शुरन्स कंपनीने हात वर करायचा प्रयत्न नक्की केला असता. कागदावर मालक मी, चालवणारा तो. मी दरवर्षी इमानदारीने भरलेला इन्शुरन्स एका अशा गाडीचा होता जी आता अस्तित्वातच नव्हती.

आणि अजून एक. ते इंजिन कोणाचं होतं? दिवाळीत गावी गेलो तेव्हा माझ्या वडिलांनी हाच प्रश्न विचारला. ते आयुष्यभर मास्तर होते, त्यांचे प्रश्न छोटे असतात. "पावतीवर गाडीचा नंबर कुठाय?" मी म्हटलं, जुन्या बाजारात तसं देत नाहीत. ते म्हणाले, "मग कोणाची गाडी चोरीला गेली असेल, तर तिचं इंजिन आपल्या गोठ्यात आहे." पुढे काही बोलले नाहीत, पेपर वाचायला लागले. गेली असेलच असं नाही. भंगारात निघालेल्या गाडीचंही असेल. पण नाही असं छातीठोकपणे सांगायला माझ्याकडे कागद नव्हता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी आणि लहान्या मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, करिझ्मा काढा. जुनं इंजिन कुठाय? मिस्त्रींनी शेडच्या कोपऱ्यातून खताच्या गोणीत बांधून ठेवलेलं जुनं इंजिन ओढत आणलं. जूनपासून ते तसंच होतं, कोणी खोललंच नव्हतं. हेड काढलं, ब्लॉक उपसला. पिस्टनवर उभ्या रेघा, रिंगा चिकटलेल्या, ब्लॉक ओरबाडलेला. मग मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉड दोन बोटांत धरून वर-खाली हलवून बघितला. मी श्वास धरून. खेळ नव्हता. क्रँक शाबूत! कॅमवर किंचित घासल्याच्या खुणा, पण चालण्याजोगा. ड्रेन बोल्टचे आटे मात्र गेले होते.

नवीन ब्लॉक-पिस्टन किट (हंकचं, बसलं), टायमिंग चेन, गॅस्केट सेट, ऑइल सील, ड्रेन बोल्टला नवीन आटे पाडणं, ऑइल आणि मजुरी. नऊ हजार चारशे. सहा दिवस.

खाली मिस्त्रींनी स्वतःहून पत्र्याचा एक जाड तुकडा वाकवून बोल्टच्या पुढे लावून दिला, दगडाचा मार बसू नये म्हणून. त्याचे पैसे घेतले नाहीत. मला आठवलं, मूळ बिघाड खरं म्हणजे त्या पत्र्याच्या तुकड्याएवढाच होता.

हे लिहिताना ट्रायटन आणि डिझेल बुलेटचा पुन्हा विचार केला. त्या लोकांचं काय बरोबर होतं? ज्याला गाडी चालवायची होती त्यानेच इंजिन निवडलं होतं. शेतकऱ्याला मायलेज हवं होतं, त्याने डिझेल बसवलं. रेसवाल्या पोराला वेग हवा होता, त्याने ट्रायम्फ बसवलं. आमच्याकडे पहाटे पाचला क्लच दाबणारा एक आणि इंजिन निवडणारा साडेतीनशे किलोमीटरवर एसीत बसलेला दुसरा. खर्च वाचवतोय असं मी सगळ्यांना सांगत होतो, स्वतःलाही. खरं तर मला माझी २०१२ ची गाडी हवी होती, पण जास्त ताकदीची, आणि ती आठवड्याचे सात दिवस चालवायला एक लहान भाऊ.

लहान्याला मी हे बोलून दाखवलं. फार नाही, गोठ्यापाशी उभं राहून चार वाक्यं. शेजाऱ्याला दिलेल्या दुधाचे आणि दवाखान्याचे पैसे घे म्हटलं. दवाखान्याचे घेतले, दुधाचे घेतले नाहीत. म्हणाला, "त्याले पाह्यजेच होतं दूध." मग जरा थांबून म्हणाला, "एक डाव चालवली होती मी बी जोरात. मज्जा आली होती." आणि आम्ही दोघंही हसलो.

जानेवारी २०२४ मध्ये एनओसी, फॉर्म २९, फॉर्म ३० असे सगळे सोपस्कार करून गाडी त्याच्या नावावर केली. आता इन्शुरन्स तो भरतो, सर्व्हिसिंग कधी करायची ते तो ठरवतो. मागच्या वर्षी चेन बदलायची होती तेव्हा त्याने फोन केला. मी सवयीने कुठली चांगली, कुठून मागवायची हे सांगायला लागलो. तो म्हणाला, "बसवली दादा कालच. तुले नुसतं सांगत होतो."

करिझ्माचं इंजिन अजून गोठ्याच्या माळ्यावर खताच्या गोणीत आहे. दोन-तीन जणांनी मागितलं, एक तर पुण्याहून यायला तयार होता. कागदाशिवाय विकायचं नाही असं घरात ठरलंय, त्यामुळे ते तिथेच राहणार. गावी गेलो की एकदा वर जाऊन बघून येतो. हौस आहे ती, काय करणार.

सोमवारी त्या मुलाला एवढंच सांगणार आहे की आधी दोन दिवस देऊन जुनं मॉड्यूल खोल. आणि ते रोज कोण वापरतं त्याला फोन कर. मग ठरवू.